हात खाली

होळी होऊन गेली की जयपुरात एक कोरडा वारा सुटतो. इतका कोरडा, की ओली चादर दोरीवर टाकून चिमटा घ्यायला वळावं तोवर ती वाळलेली असते, आणि चिमटा लावेपर्यंत विटलेली. दाराच्या कडीला हात लावला की ठिणगी उडते. एकदा लायटर बिघडला तेव्हा मी नुसतं बोट पुढे करून गॅस पेटवला होता. कोणी विश्वास ठेवत नाही. पण लायटर बिघडला होता आणि चहा झाला होता, एवढं तर घरातले सगळेच मान्य करतात. कडुनिंबाची पानं गल्लीभर खरखरत फिरतात, कुलरच्या मागे कबुतरं काड्या जमवायला लागतात, आणि एका सकाळी शेजारच्या गुड्डीभाभी झाकण लावलेला डबा घेऊन दारात उभ्या राहतात.

आज त्या तशाच उभ्या होत्या. "बासोडा है भाभीजी, आज गैस मत जलाना," असं म्हणून डबा हातात देऊन गेल्या. डबा गार होता. तो गारवा बोटांतून मनगटात चढला आणि मी डबा पटकन दुसऱ्या हातात घेतला.

बासोडा म्हणजे शीतलामातेचा दिवस. घरात चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी रांधून ठेवलेलं थंड खायचं. आपल्याकडची शिळासप्तमी श्रावणात, पावसात येते. इथली होळीपाठोपाठ, धुळीत. तिकडे चाकसूच्या डोंगरीवर देवीची मोठी जत्रा भरते, आणि इकडे आमच्या वैशाली नगरात डबे फिरतात. पहिल्या वर्षी भाभी म्हणाल्या, डब्यात राबडी आहे. मला आपली दुधाची, केशराची राबडी वाटली. पाणी सुटलेल्या तोंडानं मी मोठा घोट घेतला. इथली राबडी म्हणजे ताकात शिजवलेलं बाजरीचं पीठ. बासुंदीच्या आशेनं घेतलेल्या त्या घोटानं माझ्या चेहऱ्याचं जे झालं, ते सरळ व्हायला दिवाळी उजाडली. आता मात्र मी वाडगाभर पिते आणि वर मागूनही घेते.

तेव्हा डबा हातात आला की मी दचकते ती राबडीनं नाही. याच दिवसांत, याच वाऱ्यात, काही वर्षांपूर्वी मी मातीकाम शिकायला जात होते. आणि जन्मात जेवढी भ्याले नाही तेवढी त्या एका मोसमात भ्याले.

एरवी मी भिणाऱ्यातली नाही. सासरी, अकोल्याला, मी विहिरीतून बादलीनं नाग काढला आहे. तो दोर होता असं आमचे हे म्हणतात. पण दोर असा फूत्कारत नाही. हे, म्हणजे दिलीपराव, रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. खात्री झाल्याशिवाय ते कशालाच हिरवा देत नाहीत, बायकोच्या बोलण्याला तर नाहीच. घरात त्यांनी पद्धतच पाडली आहे: मी काही सांगितलं की त्याचं अर्धं करून ऐकायचं. आमची मुलगी मुक्ता बदलीच्या गावांमधून, हिंदी शाळांतून वाढली. ती आता पुण्याहून फोनवर विचारते, "आई, मतलब खरं खरं किती?" मला राग नाही. मी आधीच दुप्पट करून सांगते, म्हणजे शेवटी सगळं जिथल्या तिथे येतं.

त्या वर्षी संक्रांत झाली आणि माझा उजवा हात आपल्या मनानं हलायला लागला. फार नाही. टीव्ही बघताना तो मांडीवर पडलेला असायचा आणि अंगठा तर्जनीवर घासत राहायचा, हळू, सारखा, न दिसणाऱ्या कापसाच्या वाती वळाव्यात तसा. मी म्हणायचे, बघा, माझा हात माझ्या आधी देवाला लागला. हे हसायचे. मग एकदा हसले नाहीत. वर्तमानपत्र खाली घेऊन माझ्या हाताकडे बघत राहिले, आणि मी हात पदराखाली घेतला. पदर हलत राहिला.

सी-स्कीम भागातल्या दवाखान्यात आम्ही दोघं गेलो. डॉक्टरीणबाई मुक्ताच्या वयाच्या. त्यांनी मला चालवलं, वळवलं, बोटं टकटक आपटायला लावली, आणि सांगितलं की यात दोन शक्यता आहेत. एक, काही घराण्यांतून असतो तसा साधा कंप. त्रासदायक, पण तेवढाच. दुसरी, कंपवात. "अभी पक्का नहीं कह सकती. दो महीने बाद आइए. तब तक देखती रहिए, कब काँपता है और कब नहीं."

कंपवात हा शब्द मला नवा नव्हता. माझे मोठे मामा त्यानंच गेले. मामा म्हणजे गप्पांचा राजा; माझ्यातला जो काही फुगवटा आहे तो त्यांच्याकडून आलेला. त्यांचे हात थरथरायचे त्याचं मला लहानपणी काही वाटलं नाही. वाटलं ते पुढच्याचं. मामांचा चेहरा हळूहळू थिजला. डोळे हसायचे आणि खालचा चेहरा मात्र भिंतीसारखा. मग आवाज गेला. म्हणजे गेला नाही, खोल गेला. ते गोष्ट सांगत असायचे, ओठ हलत असायचे, आणि समोरचा माणूस दुसऱ्याशी बोलायला लागायचा. माझ्यासारख्या बाईनं कशाला भ्यावं तर याला. हात गेला तर गेला. चेहरा आणि आवाज गेल्यावर माझ्यात उरतं काय, साडी आणि चष्मा?

त्यानंतर मी नुसती हाताकडे बघत बसायचे. हेच शेवटी कंटाळले. "हाताले काही काम दे," म्हणाले. "रिकामी बसून त्याच्याकडंच पाहून राहिली तू. असं पाह्यलं तं चांगला हातही घाबरून हलंल."

अशी मी निर्मलाजींकडे पोचले. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आणि गॅरेजात गाडीऐवजी कुंभाराची चाकं, मातीची पोती आणि मागच्या अंगणात गॅसची भट्टी. बोलणं तिखट. मी अकोल्यातच दिलेल्या बहिणीला लगेच फोन लावला की मी जयपूरची ती प्रसिद्ध निळी भांडी शिकते आहे. ती भांडी मातीची नसतातच, काचेच्या आणि दगडाच्या भुकटीची असतात, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पण तोवर अकोल्यात बातमी पसरली होती, आणि पसरलेली बातमी मी मागे घेत नाही.

आधी माती मळायची. कणकेसारखीच, पण कणीक बाईचं ऐकते. माती ऐकत नाही. आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पुढे दगा. वास म्हणाल तर उन्हाळ्यात नव्या माठाचं पहिलं पाणी पितो ना, तोच, पण अंगावर चढून बसणारा. मग गोळा चाकावर थापायचा, पाण्यानं ओला करायचा, आणि चाक फिरत असताना दोन्ही हातांनी तो अगदी मधोमध आणायचा. मधोमध आला की तो फिरतो आहे हे दिसतच नाही, उभा आहे असं वाटतं. माझा पहिला गोळा मधोमध आला नाही. तो चाकावरून सुटला, गॅरेजच्या दारातून बाहेर पडला, समोरच्या कर्नलसाहेबांच्या गाडीच्या टपावर बसला, आणि कर्नलसाहेब अजूनही तो सीमेपलीकडून आला असं मानतात. निर्मलाजी म्हणतात तो माझ्याच पायाशी पडला होता. त्यांना आमच्या ह्यांनी शिकवून ठेवलं असणार.

हसायला हे ठीक आहे. पण त्या चाकावर बसायची मला धास्ती असायची. कारण गोळा मधोमध नसला की तो हातात थरथरतो, आणि हात त्याच्याबरोबर थरथरतात. आता ही थरथर कोणाची, मातीची की माझी? कळायला मार्ग नव्हता. आसपास चार-पाच तरुण मुली असायच्या, त्यांचेही हात डळमळायचे. "सबका काँपता है शुरू में," असं निर्मलाजी म्हणायच्या, आणि मी ते वाक्य ओढणीसारखं घट्ट लपेटून घरी यायचे. घरी येऊन बसलं की ते सुटायचं. हात मांडीवर, आणि वाती वळणं सुरू.

एके दिवशी वाटी वर येत होती. भिंत पातळ होत चाललेली, बोटांत ओली, जिवंत. मला वाटलं उजवं बोट हललं. मी हात आवळले, आणि वाटी डोलायला लागली. निर्मलाजी मागे होत्या. म्हणाल्या, "हाथ खाली. बिल्कुल खाली, संतोषजी."

संतोष मी, नाव पुरुषाचं वाटलं तरी. त्यांना म्हणायचं होतं, हात रिकामा ठेवा, त्यात जोर भरू नका. हिंदी मुलखात मी अर्धा जन्म काढला. खाली म्हणजे रिकामं हे मला झोपेतही कळतं. पण भ्यालेल्या माणसाला दुसरी भाषा राहत नाही. घाबरलं की वरवरचं सगळं गळून पडतं आणि आईची तेवढी अंगावर राहते. मी 'हात खाली' असं ऐकलं, आणि हात खाली दाबला. पार बुडापर्यंत. वाटीचं ताट झालं, ताटाचा चिखल झाला.

"ये क्या किया?"

"आपने ही तो कहा, खाली."

"खाली मतलब खाली."

"हमारे में खाली मतलब नीचे."

निर्मलाजींनी चष्मा कपाळावर चढवला. "अच्छा. और ऊपर को क्या कहते हैं, भरा हुआ?"

मुली हसल्या. मीही हसले असते, पण माझं लक्ष हाताकडे होतं. दाबण्याच्या नादात माझं कोपर मांडीवर रुतलं होतं, सगळं अंग हातामागे आलं होतं, आणि चिखलात बुडालेला माझा उजवा हात निश्चल होता. दगडासारखा. मी वाट बघितली. चाक फिरत होतं, चिखल फिरत होता, हात जागचा हलत नव्हता. कित्येक आठवड्यांत मी माझा हात असा बघितला नव्हता. निर्मलाजींनीही बघितलं. त्या पुटपुटल्या, "मराठी वाला खाली ही ठीक है आपके लिए," आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.

मग मला चेवच आला. रोज सकाळी मी तिथे. कोपर मांडीवर, अंग हातावर, हात खाली. गोळा मधोमध यायला लागला. वाट्या उठायला लागल्या, जाड बुडाच्या, पण वाट्या. आणि माती हातात असेपर्यंत हात गप्प. मी अकोल्याला फोन केला की मातीनं माझा हात बरा झाला, डॉक्टर थक्क झाल्या आहेत, दिल्लीहून मोठे लोक बघायला येणार आहेत. बहीण म्हणाली, खरं? मी म्हणाले, मग काय खोटं? थापा मारणाऱ्या माणसानं एक पथ्य पाळायचं असतं: आपल्या थापेवर आपण विश्वास ठेवायचा नाही. मी ठेवला. घरी सोफ्यावर हात वाती वळायचा तेव्हा मी त्याला म्हणायचे, तू थांब, उद्या सकाळी मातीत घालते, मग बघते.

भीती मात्र गेली नव्हती, ती नुसती दुसरीकडे राहायला गेली होती. भट्टीकडे. निर्मलाजींनी समजावलं होतं की भांडं आतून ओलं राहिलं तर भट्टीत ते पाणी वाफ होतं आणि भांडं फुटतं. फुटताना शेजारच्यांनाही घेऊन जातं. वरून वाळलेलं दिसतं, हात लावला तरी वाळलेलं वाटतं. ओळखायचं कसं, तर गालाला लावून. गार लागलं तर आत पाणी आहे. त्या दिवसांत मी फळीपाशी उभी राहून एकेक वाटी गालाला लावायचे आणि डोळे मिटायचे. गार. उद्या परत. गार. निर्मलाजी भट्टी भरणार होत्या आणि मध्ये बासोडा आला. त्यांचा देवादिकांवर काडीचा विश्वास नाही, पण त्या दिवशी भट्टी पेटवत नाहीत. शीतला ही कुंभारांची देवी, म्हणून त्यांच्या गुरूनं पेटवली नाही, म्हणून त्याही नाही. मला बरं वाटलं. एक दिवस जास्तीचा मिळाला, वाळायला. त्या सकाळी बंद भट्टीच्या समोर बसून गार पुऱ्या खाताना मी देवीला म्हटलं, तू थंड आहेस हे ठीक, पण माझ्या वाट्यांवरचा हात काढ आता.

वाट्या फुटल्या नाहीत. भाजून गुलाबी होऊन आल्या, टिचकी मारली की बोलायच्या. त्यातली बरी एक मी पिशवीत घातली आणि दुसऱ्या भेटीला निघाले.

सी-स्कीममध्ये गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे लग्नसराईत हॉल मिळणं. हे म्हणाले, "तू हो पुढं, मी गाडीतच बसतो." म्हणून मी एकटी आत गेले. वाटी टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी ती उचलली, फिरवली, मनापासून कौतुक केलं. मी फुलले. सगळं सांगितलं, चाक, माती, कर्नलसाहेबांची गाडी. आणि मग माझा हुकमाचा पत्ता टाकला: माती हातात असली की हात जरासुद्धा हलत नाही.

त्यांनी वाटी खाली ठेवली. अगदी हळू.

"बनाते समय बिल्कुल नहीं?"

"बिल्कुल नहीं."

त्यांचा चेहरा बदलला. फार नाही, पण मी चेहऱ्यांवर जगणारी बाई, मला दिसलं. त्या बोलल्या त्यातलं मला एवढंच ऐकू आलं: "और हाथ खाली?"

मी हात खाली घेतला. मांडीवर ठेवला. परत तीच चूक, परत त्याच भीतीनं. आणि तिथे, त्यांच्या डोळ्यांसमोर, माझा अंगठा तर्जनीवर फिरायला लागला. हळू, सारखा. आम्ही दोघी बघत होतो. हातच बोलत होता, आणि या वेळी तो काही फुगवून सांगत नव्हता.

साधा कंप असतो तो काम करताना वाढतो. कप उचलताना, सही करताना. कंपवाताचा हात रिकामा असताना हलतो आणि कामाला लागला की थांबतो. म्हणजे जे मी अकोल्यापर्यंत मिरवलं, ज्याच्यासाठी दिल्लीहून माणसं बोलावली, तेच दुखण्याचं लक्षण होतं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. औषधं आहेत म्हणाल्या, सुरुवातच आहे, पुष्कळ वर्षं नीट जातील, माती सोडू नका. मी मान हलवत होते. मला मामांचा खालचा चेहरा दिसत होता.

गाडीत बसले. ह्यांनी गाडी बाहेर काढली, वळणावरच्या लाल दिव्यापाशी थांबवली आणि विचारलं, "काय म्हणलं डॉक्टरनं?"

"कंपवात आहे," मी म्हणाले.

"हं," म्हणाले. सवयीनं अर्धं करून घेतलं असावं. "पुढं?"

"पुढे काही नाही."

ते वाट बघत होते. आता बायको सांगेल की डॉक्टर रडली, छत कोसळलं, रस्त्यावर हत्ती आडवा आला. पण माझ्याजवळ तेवढे दोनच शब्द होते आणि त्यांचं अर्धं होत नव्हतं. दिवा हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. सिग्नल खात्यातला तो माणूस हिरव्या दिव्यासमोर गाडी उभी करून माझ्याकडे बघत बसला, आणि मागून एक रिक्षावाला आमच्या आईवडिलांपर्यंत पोचला तरी हलला नाही.

आता औषधं वेळच्या वेळी चालू आहेत. वाट्याही चालू आहेत, बुडं थोडी पातळ झाली. आणि एक व्यायाम दिला आहे: मोठ्यानं बोलायचं. आवाज खोल जाऊ नये म्हणून रोज मुद्दाम, छातीतून, मोठ्यानं. जन्मभर ज्यासाठी बोलणी खाल्ली ते आता कागदावर लिहून दिलं, जेवणानंतर गोळी आणि दिवसभर आरडाओरडा. मी स्वयंपाकघरातून गोष्टी सांगते, हे बाहेरच्या खोलीतून हूं हूं करतात. फक्त मधूनच त्यांचं "काय?" येतं, आणि मी हातातलं टाकून तशीच उभी राहते. आता हे ह्यांच्या कानाचं की माझ्या आवाजाचं? दोघांचीही वयं झाली. विचारायची हिंमत होत नाही.

आज सकाळी डबा फ्रीजवर ठेवून आम्ही निर्मलाजींकडे गेलो. हो, हल्ली हेही येतात. निवृत्तीनंतर वेळ जात नाही असं गल्लीत सांगतात. मातीशी त्यांचं बिलकूल जमत नाही. गोळा चाकावर थापताना सगळ्या पँटवर नकाशे उमटतात. भट्टी बंद होती. तरुण मुली सुटीवर, आम्ही दोघंच शेजारशेजारच्या चाकांवर, मध्ये पाण्याचं एक घमेलं. माझी वाटी वर येत होती. ह्यांचा गोळा डळमळत होता, त्याच्याबरोबर त्यांचे दोन्ही हात, आणि मी तिरप्या नजरेनं त्या हातांकडे बघत होते आणि स्वतःला सांगत होते की सुरुवातीला सगळ्यांचे हलतात.

त्यांनी मान वर केली नाही. मातीकडे बघतच विचारलं, "भेव वाटते का तुले?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात कोणी कोणाला विचारला नव्हता. औषधांचं विचारलं, झोपेचं विचारलं, हे नाही.

"नाही," मी म्हणाले.

"काय?"

चाकांची घरघर चालू होती, त्यामुळे असेल. मी माती सोडली नाही. छाती भरून श्वास घेतला, आणि गल्लीतली माणसं थांबून आत डोकावतील एवढ्या मोठ्यानं पुन्हा सांगितलं, की नाही वाटत.